पाखरू आजार सांगत नाही
पक्षी आणि छोट्या पाळीव जिवांच्या वैद्यकीय देखभालीविषयी एक भाषण



पशुवैद्यकीय दवाखाना म्हटला, की डोळ्यांसमोर उभा राहतो तो लोखंडी खोडा आणि त्यात बांधलेला बैल किंवा म्हैस. खुलताबाद तालुक्यातील चित्रही याहून निराळे नाही. गल्लेबोरगाव असो, बाजारसावंगी असो की वेरूळ, बैल लंगडू लागला किंवा गाय गाभण राहिली नाही, तर शेतकरी दवाखान्याची वाट धरतो. पण खुराड्यातील कोंबडी मान टाकून बसली, तर तिच्यासाठी कोणी दवाखान्यात जात नाही. तिच्या नशिबी एक तर सुरी येते किंवा उकिरडा. पिंजऱ्यातील पाखराची स्थितीही फारशी वेगळी नसते. ‘पाखरूच ते, गेले’ एवढ्या उद्गारावर त्याची बोळवण होते.

वेरूळच्या कैलास लेण्यात रावणाशी झुंजणारा जटायू कोरलेला आहे. घायाळ पक्ष्याची कथा ज्या परिसराने पाषाणात जपली, त्याच परिसरात जिवंत पक्ष्याचे दुखणे मात्र दुर्लक्षित राहावे, ही विसंगती विचार करावयास लावणारी आहे. यात भूतदयेचा प्रश्न तर आहेच, पण त्याहून अधिक काही आहे. अंगणातील आठ-दहा कोंबड्या ही कोरडवाहू गावातील भूमिहीन आणि अल्पभूधारक कुटुंबाची, विशेषतः त्या घरातील बाईची, स्वतःच्या हातातील मिळकत असते. आठवडी बाजारात अंडी विकून मुलाच्या वहीची आणि घरातील तेलमिठाची सोय होते. एका रात्रीत खुराडे रिकामे झाले, तर त्याची नोंद कोणत्याही कागदावर होत नाही. त्या घरात मात्र ती उणीव महिनोन्‌महिने जाणवते.

दुखणे लपविण्याचा स्वभाव

पक्ष्यांची वैद्यकीय देखभाल गुराढोरांहून वेगळी का, याचे उत्तर त्यांच्या स्वभावात आणि शरीररचनेत आहे. निसर्गात जो पक्षी थकलेला दिसतो, तोच शिकारी प्राण्याच्या तोंडी पडतो. म्हणून आजारी पक्षी अंगात बळ असेपर्यंत निरोगी असल्यासारखाच वावरतो. तो पिसे फुलवून, डोळे मिटून, एका कोपऱ्यात बसलेला दिसतो, तेव्हा आजार बहुधा बराच पुढे गेलेला असतो. ‘कालपर्यंत तर चांगला होता’ हे वाक्य पशुवैद्यकांना वारंवार ऐकावे लागते, ते यामुळेच.

शिवाय पक्ष्याचा देह हलका असतो आणि त्याची जीवनक्रिया अतिशय जलद चालते. पिंजऱ्यात पाळला जाणारा लहानसा बजरीगर पक्षी अवघा तीस-चाळीस ग्रॅम वजनाचा असतो. एवढ्याशा जिवाला औषधाचा एक थेंब जास्त झाला, तरी तो प्राणघातक ठरू शकतो. माणसांची किंवा गुरांची उरलेली औषधे अंदाजाने पाजणे किती धोक्याचे आहे, हे यावरून ध्यानी यावे. पक्ष्याला माणसासारखा श्वासपटलही नसतो. छाती हलविल्यावाचून त्याला श्वास घेता येत नाही. त्यामुळे घाबरलेल्या पाखराला मुठीत आवळून धरले, तर उपचारापूर्वीच तो गुदमरतो.

यातून निघणारा निष्कर्ष साधा आहे. ज्या रोग्याचे दुखणे उशिरा दिसते, त्याची खरी शुश्रूषा दुखणे येण्यापूर्वीच करावी लागते. नित्य निरीक्षण, वेळेवर लस आणि तत्काळ वर्दी या तीन गोष्टींवर पक्ष्यांचे आरोग्य अवलंबून आहे. यांपैकी पहिली गोष्ट घरच्या माणसाची आहे. दुसरी आणि तिसरी मात्र एकट्या घराच्या आवाक्यातील नाहीत. तेथे गावाला पुढे यावे लागते.

मानमोडी आणि शंभर मात्रांची कुपी

पक्षिचिकित्सा हा आपल्या देशाला अपरिचित विषय नाही. कुमाऊँचा राजा रुद्रदेव याच्या ‘श्यैनिकशास्त्र’ या संस्कृत ग्रंथात शिकारी ससाण्यांच्या आजारांवरील उपचारांचे विवेचन आहे. त्याच कुमाऊँ प्रदेशातील राणीखेत हे नाव पुढे कोंबड्यांच्या एका भयंकर रोगाला चिकटले. १९२६ साली जावा बेटावर आणि इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे आढळलेला हा विषाणुजन्य रोग १९२७ मध्ये राणीखेत येथे नोंदला गेला. महाराष्ट्रातील खेड्यांत त्याला ‘मानमोडी’ म्हणतात. कोंबडी तोंड उघडून श्वास घेते, हिरवट पातळ हगते, तिची मान वाकडी होते आणि पाहता पाहता गल्लीतील खुराडी ओस पडतात. एकदा रोग जडल्यावर त्यावर औषध नाही. प्रतिबंधक लस मात्र आहे, आणि ती परिणामकारक आहे.

पिलू सुमारे एक आठवड्याचे झाले, की डोळ्यात किंवा नाकात लसीचा थेंब टाकावयाचा, आणि आठव्या आठवड्यात टोचून दुसरी लस द्यावयाची, हा सर्वसाधारण क्रम होय. कोंबड्यांच्या देवीची लसही सहाव्या आठवड्याच्या सुमारास दिली जाते. पुण्यातील औंध येथील शासनाच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेत अशा लसी तयार होतात. मग अडते कोठे?

अडते ते कुपीच्या आकारापाशी. लसीच्या एका कुपीत शंभर किंवा त्याहून अधिक मात्रा असतात. ती दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी लागते, आणि एकदा द्रावणात मिसळली, की तासा-दोन तासांत संपवावी लागते. ज्या घरात आठ कोंबड्या आहेत, त्या घरासाठी कुपी फोडली, तर उरलेल्या मात्रा फुकट जातात. एकट्या कुटुंबाला ते परवडत नाही, आणि दवाखान्यालाही परवडत नाही. परंतु हीच कुपी गल्लीतील बारा-पंधरा घरांत मिळून वापरली, तर एकही थेंब वाया जात नाही. म्हणजे मानमोडीचा प्रश्न औषधाचा कमी आणि संघटनेचा अधिक आहे.

ग्रामपंचायतीने पशुवैद्यकीय दवाखान्याशी विचारविनिमय करून लसीकरणाचा वार ठरवावा, आदल्या दिवशी दवंडी द्यावी आणि महिला बचत गटाकडून घरोघरच्या कोंबड्यांची यादी करून घ्यावी. लस भल्या पहाटे टोचावी. तेव्हा कोंबड्या डालग्यात किंवा खुराड्यात असतात आणि उन्हाचा तापही नसतो. आजारी कोंबड्यांना त्या दिवशी वगळावे. या कामाला निधीपेक्षा नेमकेपणाची गरज आहे. लसीकरण होऊनही कोंबड्या दगावल्या, तर लस थंड राहिली होती काय, याचा शोध प्रथम घ्यावा.

मरतुक लपवू नये

पक्ष्यांचे काही रोग गावाची सीमा ओलांडून देशाचा प्रश्न होतात. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर तालुक्यात बर्ड फ्लूचा उद्रेक सिद्ध झाला. भारतातील तो पहिला उद्रेक होता. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावी शेकडो कोंबड्या मरण पावल्या आणि निदान तेच निघाले. जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातील उदगीर शहरात कावळे मरून पडू लागले, तेव्हाही भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेने याच रोगावर शिक्कामोर्तब केले. नंदुरबार दूर वाटेल. परभणी आणि लातूर मात्र मराठवाड्यातीलच आहेत.

अशा वेळी माणूस सर्वप्रथम मेलेल्या कोंबड्या गुपचूप ओढ्यात टाकतो किंवा उरलेल्या घाईघाईने बाजारात विकतो. हे दोन्ही मार्ग रोग पसरविणारे आहेत. प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २००९ अन्वये अनुसूचित रोगाचा संशय आल्यास मालकाने ग्रामपंचायतीस किंवा ग्राम अधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. ती वर्दी पुढे नजीकच्या पशुवैद्यकापर्यंत पोहोचावी, अशी या कायद्याची योजना आहे. येथे एक व्यावहारिक बाबही लक्षात घेण्याजोगी आहे. रोगनियंत्रणासाठी शासनाने नष्ट केलेल्या पक्ष्यांबद्दल भरपाई दिली जाते. आधीच मेलेल्या पक्ष्यांबद्दल ती मिळत नाही. वर्दीला जितका विलंब, तितकी हानी पदरात. लपविण्यात लाभ नाही, हे पंचायत सदस्यांनी लोकांना समजावून सांगितले, तर ते कोणत्याही नोटिशीपेक्षा लवकर पटेल.

मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नये. मुलांना तर कटाक्षाने दूर ठेवावे. वाड्यात, शाळेच्या आवारात किंवा तळ्याकाठी एकाच वेळी अनेक पक्षी मेलेले आढळल्यास जागा न हलविता खबर द्यावी.

पिंजऱ्यातील पाहुणे

खुलताबादपासून छत्रपती संभाजीनगर शहर अवघे पंचवीस किलोमीटर. शहरातील बजरीगर, कॉकाटील, लव्हबर्ड, ससे आणि कासवे पाळण्याची हौस आता लहान गावांतही शिरू लागली आहे. हौस येते, तिच्यामागोमाग माहिती मात्र येत नाही.

या जिवांची पुष्कळशी दुखणी चुकीच्या आहारातून उद्भवतात. केवळ सूर्यफुलाच्या बियांवर वाढवलेल्या पक्ष्याला ‘अ’ जीवनसत्त्वाची उणीव भासते. त्याला पालेभाज्या, गाजर आणि कॅल्शियमसाठी समुद्रफेन द्यावा. अॅव्होकॅडो आणि चॉकलेट त्याला विषासमान आहेत. न चिकटणारा तवा जास्त तापल्यावर निघणारा धूर माणसाला जाणवतही नाही, पण पिंजऱ्यातील पक्षी त्याने काही क्षणांत मरतो. म्हणून पिंजरा स्वयंपाकघरात टांगू नये. सशाचे दात आयुष्यभर वाढत असतात. ते झिजण्यासाठी त्याला मुबलक गवत हवे. त्याला ॲमॉक्सिसिलिनसारखे औषध तोंडावाटे दिल्यास आतड्यातील उपयुक्त जिवाणू नष्ट होऊन तो दगावू शकतो. पोपटवर्गीय पक्ष्यांपासून माणसाला फुप्फुसाचा संसर्गही होतो. घरात आजारी पक्षी असताना कोणाला ताप व खोकला आल्यास डॉक्टरांना पक्ष्याविषयी अवश्य सांगावे. नवा पक्षी आणल्यावर त्याला महिनाभर निराळा ठेवणे, हा सर्वांत स्वस्त उपचार होय.

कायद्याची बाजूही स्पष्ट असावी. आपला हिरवा, गळ्यात कंठ असलेला देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर तो अनुसूची दोनमध्ये समाविष्ट आहे. तारांकित कासवासही संरक्षण आहे. मकाव, काकातुआ, आफ्रिकी करडा पोपट, इग्वाना यांसारखे विदेशी जीव बाळगणाऱ्याने २०२४ च्या नियमांप्रमाणे त्यांची नोंदणी करावयाची आहे. बजरीगर आणि कॉकाटील यांना ही नोंदणी लागू नाही. कागद नाही म्हणून आजारी जीव दवाखान्यात न नेणे आणि दवाखाना नाही म्हणून कागद न करणे, या दोन्हींची झळ अखेर त्या मुक्या जिवालाच बसते.

दवाखान्यापर्यंतचा प्रवास

तालुक्याच्या दवाखान्यातील अधिकाऱ्याचा बहुतेक वेळ गुराढोरांत जातो, हे खरे. तरीही प्राथमिक तपासणी, विष्ठेची परीक्षा आणि पुढील मार्गदर्शन तेथे मिळू शकते. त्यापुढे मदतीसाठी १९७२ साली स्थापन झालेले परभणीचे पशुवैद्यकीय महाविद्यालय सुमारे दोनशे किलोमीटरवर आहे. मुंबईत परळ येथे तर बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून उभे आहे, आणि त्याच आवारात १८८६ साली मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पण आजारी पाखराला एवढा लांबचा प्रवास सोसवत नाही. म्हणून जवळच्या दवाखान्यात लवकर जाणे, हाच खरा मार्ग.

नेताना छिद्रे पाडलेला खोका घ्यावा, तो कापडाने झाकावा, आत ऊब राहू द्यावी. पिंजरा धुऊन नेऊ नये. तळाच्या कागदावरील विष्ठा डॉक्टरांना पुष्कळ काही सांगते. जबरदस्तीने पाणी पाजू नये, ते श्वासनलिकेत जाते. पाळीव पशुपक्ष्यांसाठी फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा दूरध्वनी क्रमांक १९६२ असून, जखमी वन्य पक्ष्यासाठी वन विभागाचा क्रमांक १९२६ आहे. हे दोन्ही क्रमांक दिसण्यात सारखे असल्याने शाळेच्या व ग्रामपंचायतीच्या फलकावर ते खुलाशासह लिहून ठेवणे इष्ट.

शिक्षकांचा वाटा येथेच सुरू होतो. संक्रांतीच्या सुमारास पतंगाच्या नायलॉन मांजाने पक्ष्यांचे पंख चिरले जातात. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जुलै २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली. तरीही दुकानाच्या मागच्या फळीवर तो राहतो, कारण मागणी संपलेली नाही. ती मागणी वर्गात संपवता येते. ज्या मुलाने घरच्या कोंबडीचे खाणे, बसणे आणि चालणे रोज पाहून वहीत टिपले, ते मूल आजार एक दिवस आधी ओळखते. पाखराच्या बाबतीत एक दिवस म्हणजे पुष्कळ झाला.

पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर रस्ता, पाणी आणि दिवाबत्ती यांच्या जोडीने ‘कोंबड्यांचे लसीकरण : वार व वेळ’ एवढी एक ओळ लिहिली जावी. गावातील सर्वांत लहान पशुधनाची आणि बहुधा सर्वांत गरीब घराच्या मिळकतीची दखल त्या ओळीने घेतली जाईल.