विश्वशांती आणि मासळीबाजारातील माता



विश्वशांतीचा विषय निघाला की सामान्य माणूस दोन पावले मागे सरतो. युद्ध आणि तह हे राष्ट्रप्रमुखांचे, सेनापतींचे आणि मुत्सद्द्यांचे विषय. नोकरी, घरसंसार आणि मुलांचे शिक्षण सांभाळणाऱ्याने त्यात काय करावयाचे, असा त्याचा प्रश्न असतो. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर पश्चिम आफ्रिकेतील लायबेरिया या लहानशा देशाने दिलेले आहे, आणि ते मासळी व भाजी विकून घर चालविणाऱ्या स्त्रियांनी दिलेले आहे.

अमेरिकेतील गुलामगिरीतून मुक्त होऊन परतलेल्या लोकांनी वसविलेले हे राष्ट्र १८४७ साली स्वतंत्र झाले. १९८९ च्या डिसेंबरात चार्ल्स टेलर याने सशस्त्र बंड पुकारले आणि तेथे यादवी पेटली. मधली अल्प विश्रांती सोडली तर ही आग २००३ पर्यंत धुमसत राहिली. सुमारे तीस लाखांच्या या देशात अडीच लाखांपर्यंत माणसे दगावल्याचे मानले जाते. दहा-बारा वर्षांच्या पोरांना अमली पदार्थ देऊन त्यांच्या हाती बंदुका देण्यात आल्या. १९९७ च्या निवडणुकीत टेलर राष्ट्राध्यक्ष झाला. परंतु दोनच वर्षांत नव्या बंडखोर गटांनी शस्त्रे उचलली. २००३ च्या उन्हाळ्यात युद्ध राजधानी मनरोव्हियाच्या वेशीवर येऊन ठेपले.

शुक्रवारी मशीद, शनिवारी बाजार, रविवारी चर्च

लेमा ग्बोवी ही तिशी नुकतीच ओलांडलेली समाजकार्यकर्ती. स्वतः युद्धाने विस्थापित झालेली, मुलांची आई. युद्धात वापरलेल्या बालसैनिकांचे पुनर्वसन करण्याचे काम तिने केले होते. तिने चर्चमधील स्त्रियांना एकत्र आणले. असातू बाह केनेथ या मुस्लिम पोलीस अधिकारी महिलेने आपल्या समाजातील स्त्रियांना जोडून घेतले. हे सहज घडले नाही. एकत्र आल्याने आपली श्रद्धा पातळ होईल, अशी शंका दोन्हीकडे होती. बंदुकीची गोळी समोरच्याचा धर्म विचारून लागत नाही, या अनुभवाच्या बोलाने ती शंका मागे पडली.

पुढचे काम अत्यंत साधे होते. या स्त्रिया शुक्रवारी मशिदींपुढे, शनिवारी बाजारात आणि रविवारी चर्चपुढे उभ्या राहात, येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांशी बोलत, पत्रके वाटत. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी साध्या चित्रांची पत्रके होती. मागण्या तीनच : शस्त्रसंधी करा, चर्चेला बसा, शांतिसेना येऊ द्या. कोणत्याही पक्षाचा जयजयकार नाही, कोणाच्या राजीनाम्याची घोषणा नाही. त्यामुळे कोणत्याही गटाला या स्त्रियांवर शत्रुपक्षाचा शिक्का मारता आला नाही.

एप्रिल २००३ पासून त्या मासळीबाजाराशेजारच्या मैदानात रोज बसू लागल्या. अंगावर पांढरी वस्त्रे, डोक्याला पांढरे फडके, दागिना एकही नाही. राष्ट्राध्यक्षाच्या गाड्यांचा ताफा त्याच रस्त्याने जात असे. ऊन असो, पाऊस असो, त्यांची हजेरी चुकली नाही. अखेर २३ एप्रिलला टेलरला त्यांची भेट घ्यावी लागली आणि त्याने चर्चेस संमती दिली. त्यांच्या प्रतिनिधी शेजारच्या सिएरा लिओनमध्ये जाऊन बंडखोर नेत्यांनाही भेटल्या आणि त्यांनाही राजी करून आल्या.

दाराशी ठाण

जूनमध्ये घाना देशात वाटाघाटी सुरू झाल्या, पण त्या लांबत गेल्या. पुढारी हॉटेलांत मुक्काम करून मंत्रिपदांच्या वाटपावर घासाघीस करीत होते आणि मनरोव्हियावर तोफगोळे पडत होते. जुलै महिन्यात एके दिवशी सुमारे दोनशे स्त्रियांनी सभागृहाच्या दाराशी हातात हात गुंफून ठाण मांडले. करार झाल्याखेरीज कोणीही बाहेर पडणार नाही, असा त्यांचा निर्धार होता. रक्षक अटक करण्यास आले तेव्हा ग्बोवीने आपली वस्त्रे उतरविण्याचा इशारा दिला. आईने असे करणे हा त्या समाजात घोर शाप मानला जातो. रक्षक थबकले. मध्यस्थ जनरल अब्दुलसलामी अबुबकर यांनी स्त्रियांचे म्हणणे ऐकून घेतले आणि त्या दिवसापासून चर्चेचा सूर पालटला. ११ ऑगस्टला टेलर पायउतार झाला. १८ ऑगस्ट २००३ रोजी शांतता करारावर स्वाक्षऱ्या झाल्या.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद केली पाहिजे. केवळ स्त्रियांच्या बैठकीने युद्ध थांबले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. बंडखोरांचा लष्करी रेटा, शेजारी राष्ट्रांचा दबाव आणि सिएरा लिओनच्या विशेष न्यायालयाने टेलरवर ठेवलेले आरोप, यांचाही त्यात वाटा होता. परंतु शस्त्रधाऱ्यांच्या त्या गर्दीत मरणाऱ्यांच्या बाजूने बोलणारे कोणीच नव्हते. ती उणीव या मातांनी भरून काढली.

स्वाक्षरीनंतरचे काम

करार झाला म्हणजे शांतता झाली, असे नव्हे. डिसेंबर २००३ मध्ये शस्त्रे जमा करण्यास आरंभ होताच अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक लढवय्ये आले, गोंधळ आणि गोळीबार झाला आणि काम थांबवावे लागले. अशा वेळी याच स्त्रियांनी पोरांची समजूत घातली. कालांतराने एक लाखाहून अधिक जणांची निःशस्त्रीकरणात नोंद झाली. त्यांतील अनेकांचे हात रक्ताने माखलेले होते. ज्याने शेजाऱ्याचे घर जाळले, त्याला पुन्हा त्याच गावात राहू द्यावयाचे, ही कसोटी सभेत बसण्याहून कितीतरी कठीण होती. न्यायाचे देणे तर अजूनही पुरते फिटलेले नाही. टेलरला सिएरा लिओनमधील अत्याचारांबद्दल २०१२ साली पन्नास वर्षांची शिक्षा झाली. मात्र खुद्द लायबेरियातील युद्धगुन्ह्यांसाठी न्यायालय उभारण्याच्या दृष्टीने कार्यालय स्थापण्याचा आदेश निघण्यास २०२४ साल उजाडावे लागले.

तरीही काम थांबले नाही. गावोगावी स्त्रियांनी शांती-कुटी उभारल्या. घरातील मारहाण, जमिनीची भांडणे तेथे ऐकून मिटविली जाऊ लागली. २००५ च्या निवडणुकीत एलेन जॉन्सन सरलीफ निवडून आल्या. त्या आणि ग्बोवी यांना येमेनच्या तवक्कुल करमान यांच्यासह २०११ चे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले.

या कथेत भारताचेही एक पान आहे. २००७ साली केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या शंभराहून अधिक महिलांची तुकडी संयुक्त राष्ट्रांच्या वतीने मनरोव्हियात दाखल झाली. संयुक्त राष्ट्रांच्या इतिहासातील केवळ महिलांची ही पहिली पोलीस तुकडी. रात्रीची गस्त, राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाचा पहारा, वैद्यकीय शिबिरे, मुलींना स्वसंरक्षणाचे धडे ही कामे तिने केली आणि २०१६ पर्यंत दरवर्षी नवी तुकडी जात राहिली. त्यांना पाहून लायबेरियातील मुली पोलीस दलात भरती होऊ लागल्या.

आपल्या अंगणात

मग आपण काय करावयाचे? मनरोव्हियाच्या मातांनी जे केले तेच, आपल्या वस्तीच्या मापाने. तणाव नसताना ओळखी वाढवाव्यात, कारण तणावात नव्या ओळखी होत नाहीत. खात्री नसलेली बातमी आपल्या हातून पुढे जाऊ देऊ नये. दोन घरांतील भांडण चिघळण्याआधी दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी एकत्र बसावे. मागणी थोडी आणि स्पष्ट ठेवावी. आणि एकदा उभे राहिल्यावर पावसाचे निमित्त सांगू नये.

२००५ साली मतदार नोंदणी सुरू झाली, तेव्हा बाजारातील विक्रेत्या स्त्रिया जागा सोडून जाण्यास तयार नव्हत्या; एक दिवसाची विक्री बुडाली तर मुलांनी खावे काय? शांतीच्या चळवळीतील स्त्रिया त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. त्यांनी मासळी विकली, तान्ही मुले सांभाळली आणि म्हटले, बाई, तू नाव नोंदवून ये. विश्वशांतीचे काम म्हणतात ते हेच. ते करण्यास कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही.