वर्ग कामाचा, माणसाचा नव्हे
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



चिटणीसांनी मला आज बोलावयास उभे केले आहे. मी वक्ता नव्हे आणि विद्वानही नव्हे. १९८२ साली कनिष्ठ लिपिक म्हणून सरकारी कचेरीत लागलो आणि २०१८ साली अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. ह्या छत्तीस वर्षांतील बहुतेक काळ आस्थापना शाखेत, म्हणजे इतरांची सेवापुस्तके लिहिण्यात व त्यांची वेतननिश्चिती करण्यात गेला. तेव्हा ज्या एका गोष्टीविषयी मला अनुभवाने काही सांगता येईल, तीच आपणांपुढे मांडतो. ती गोष्ट म्हणजे सरकारी नोकरांचे वर्ग, श्रेणी व पायऱ्या, आणि त्या सोप्या करण्याचा प्रश्न.

विषय रुक्ष आहे, हे मी जाणतो. परंतु आपल्या मंडळाच्या सभासदांत सरकारी नोकरीवर संसार उभारलेली कुटुंबे थोडीथोडकी नाहीत. आपल्या वधूवर सूचीत मुलाच्या नावापुढे ‘सरकारी नोकरी, वर्ग दोन’ किंवा ‘वर्ग तीन’ असे शब्द आपण छापतो आणि त्या एका आकड्यावरून पुढची बोलणी करावयाची की नाही हे घरोघर ठरते. म्हणून हा आकडा आला कोठून, हे आपणांस ठाऊक असणे उपयोगाचे आहे.

इंग्रजी अमदानीत १८८६-८७ च्या एचिसन आयोगानंतर सरकारी नोकरीचे इम्पीरियल, प्रांतिक आणि दुय्यम असे थर पडले. त्यांच्याही खाली जो पट्टेवाला, चौकीदार, फरास होता, त्याच्या नोकरीस नियमांच्या पुस्तकात ‘इन्फिरिअर’, म्हणजे सरळसरळ ‘हलकी’, असे नाव होते. १९४६ साली न्यायमूर्ती वरदाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली पहिला केंद्रीय वेतन आयोग बसला. त्याचा अहवाल १९४७ साली आला आणि ‘दुय्यम’ व ‘हलकी’ हे शब्द जाऊन वर्ग तीन व वर्ग चार हे शब्द रूढ झाले. पुढे तिसऱ्या आयोगानंतर ‘वर्ग’ गेला आणि ‘गट’ आला. एक, दोन, तीन, चार यांच्या जागी अ, ब, क, ड आले. शब्द बदलले, परंतु उतरंड तीच राहिली. आणि घरोघरी आपण अजूनही ‘वर्ग’ असेच म्हणतो. चार वर्ण आणि चार वर्ग ह्यांतील साम्य केवळ अक्षरांचे नाही, हे जातीच्या नावाने भरलेल्या ह्या सभेत तरी मोकळेपणाने बोलले पाहिजे. चौथ्या वर्गात झाडू कोणाच्या हाती असे, हे आपण सर्वजण जाणतो.

आता वर्ग चारच असले, तरी त्यांच्या पोटात वेतनश्रेणी किती? तिसऱ्या केंद्रीय आयोगाने १९७३ साली अहवाल दिला, तेव्हा पाचशेहून अधिक श्रेणी अस्तित्वात होत्या. त्याने त्या सुमारे ८० वर आणल्या. चौथा आयोग बसला तोवर त्या वाढून १५३ झाल्या होत्या. त्याने १९८६ साली त्यांच्या ३६ केल्या. पाचव्या आयोगास ५१ सापडल्या. त्याने ३४ ठेवल्या. आपल्या लक्षात येईल की प्रत्येक आयोग शेत निंदून जातो आणि पुढच्याने यावे तो तण पुन्हा माजलेले असते.

हे तण कसे माजते, ते मी कचेरीत बसून पाहिले आहे. एखाद्या संवर्गाचे लोक म्हणतात, आमचे काम शेजारच्या खात्यातील लोकांपेक्षा अवघड आहे, आम्हांस वेगळी श्रेणी द्या. मागणी पुष्कळदा न्याय्य असते. सरकार तेवढ्यापुरती पन्नास रुपये वरची एक नवी श्रेणी काढते. मग शेजारचे खाते जागे होते आणि तेही मागणी करते. कोणाचेही काम कोणी प्रत्यक्ष तोलून पाहत नाही; एका पदनामाकडे बोट दाखवून दुसरे पदनाम वर चढते. मी नोकरीस लागलो त्याच वर्षी, १९८२ साली, दिल्ली पोलीस दलातील एका वाहनचालक शिपायाच्या फिर्यादीवर सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की समान कामास समान वेतन हे राज्यघटनेचे ध्येय आहे आणि निष्कारण वेगवेगळ्या केलेल्या वेतनश्रेणींच्या बाबतीत ते अमलात आणता येते. गाडी तीच, रस्ता तोच, जबाबदारी तीच. केवळ खाते वेगळे म्हणून पगार वेगळा, ही त्या शिपायाची तक्रार होती.

ह्या गुंतागुंतीचा भार शेवटी कोणावर पडतो, ते सांगण्यासाठी मला माझीच एक चूक आपणांपुढे ठेवावी लागेल. आमच्या कचेरीत एक वयस्क नाईक होते. टपालाचा बटवडा, जुन्या दप्तरांची बांधणी, रात्री-अपरात्री कचेरी उघडणे, सारे तेच पाहत. आम्ही सर्वजण त्यांस ‘मामा’ म्हणत असू. १९९६ च्या वेतनसुधारणेच्या वेळी त्यांची वेतननिश्चिती माझ्या हातून झाली. श्रेणींच्या तक्त्यात त्यांच्या पदनामाशी जुळणाऱ्या दोन ओळी होत्या, एक एका खात्याची व एक दुसऱ्या खात्याची. दोन्हींकडील काम सारखेच होते, श्रेणी मात्र निराळ्या. मी वरची ओळ धरली. साहेबांनी सही केली. तेरा वर्षे कोणी काही बोलले नाही.

मामा निवृत्त होण्याची वेळ आली, सेवापुस्तक पडताळणी पथकाकडे गेले आणि आक्षेप घेऊन परत आले. ओळ चुकली होती. तेरा वर्षांचे जास्तीचे प्रदान त्यांच्या उपदानातून वसूल करण्याचा हुकूम निघाला. घरी मुलीचे लग्न ठरलेले. मी त्यांच्यापुढे मान खाली घालून बसलो. ते मला म्हणाले, “भाऊसाहेब, पैसे गेले त्याचं एवढं वाटत नाही. पण तेरा वर्षं मी सरकारचं जास्तीचं खाल्लं, असं कागदावर लागलं. ते पुसता येईल का?” मला उत्तर देता आले नाही. आजही देता येत नाही.

ही २००९ सालची गोष्ट. पुढे २०१४ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह ह्या प्रकरणात सांगितले की तिसऱ्या व चौथ्या वर्गातील नोकरांकडून, तसेच निवृत्त झालेल्या किंवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्या नोकरांकडून, अशी वसुली करता येणार नाही. पाच वर्षांहून अधिक काळ चाललेल्या जास्तीच्या प्रदानाचीही नाही. ज्या ‘चौथ्या वर्गा’ने आयुष्यभर मान खाली घालावयास लावली, त्याच शब्दाने येथे गरिबास संरक्षण दिले. हा निकाल मामांसाठी पाच वर्षे उशिरा आला.

तर मग सर्व श्रेणी एकत्र करून टाकाव्यात, म्हणजे प्रश्न मिटला, असे कोणी म्हणेल. तसाही प्रयोग झाला आहे. न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांच्या सहाव्या आयोगाने २००८ साली बहुतेक श्रेणी चार वेतनबँडांत बसविल्या आणि त्यांवर ग्रेड वेतन दिले. केंद्रात गट ड बंद करून ती पदे गट क मध्ये घेतली. शिपाई, दफ्तरी, जमादार, फरास ही निरनिराळी नावे जाऊन ‘मल्टी टास्किंग स्टाफ’ असे एकच नाव आले. ‘हलकी नोकरी’ ह्या शब्दापासून साठ वर्षांत येथवर मजल आली, ह्याचे मला मोल वाटते. परंतु त्याच आयोगाच्या शिफारशींत ५०००-८०००, ५५००-९००० आणि ६५००-१०५०० ह्या तीन श्रेणींस मिळून ४२०० रुपयांचे एकच ग्रेड वेतन आले. परीक्षा देऊन, वर्षानुवर्षे वाट पाहून जो दोन पायऱ्या चढला होता, तो एका सकाळी आपल्याच हाताखालच्या माणसाशेजारी येऊन उभा राहिला. ओरड झाली आणि २००९ साली सरकारला वरच्या श्रेणीतील पदांस ४६०० द्यावे लागले. आकडे एकत्र करणे सोपे असते. त्या आकड्यांमागील काम न पाहता ते एकत्र केले, तर जुना अन्याय जातो आणि नवा येतो.

ह्यापेक्षा बरे उदाहरण न्यायमूर्ती माथुर यांच्या सातव्या आयोगाचे. त्याने २०१५ साली बँड व ग्रेड वेतन दोन्ही काढून एकच तक्ता दिला. आडवे स्तर जबाबदारीचे, उभ्या पायऱ्या नोकरीच्या वर्षांच्या. किमान वेतन १८,००० रुपये, कमाल २,५०,०००. ज्याचे जुने मूळ वेतन १०,२१० होते, त्याने त्यास २.५७ ने गुणावे, २६,२४० येतात. चौथ्या स्तरात २५,५०० च्या पुढची पायरी २६,३०० ची आहे. तेथे त्याचे वेतन निश्चित झाले. हा हिशेब शिपायास स्वतः करता येतो व कारकुनाची चूक त्यास स्वतः पकडता येते. मामांच्या वेळी असा तक्ता असता, तर त्यांनीच मला सांगितले असते की भाऊसाहेब, बोट दुसऱ्या ओळीवर आहे. माझ्या मते सोपेपणाची खरी कसोटी हीच. श्रेणी किती कमी झाल्या ह्यापेक्षा, ज्याच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे त्यास आपले स्थान वाचून समजते की नाही, हे पाहावे.

तरीही एक काम राहिलेच आहे. कोणते पद कोणत्या स्तरात बसवावयाचे, ह्याचा निर्णय अजून बहुतांशी जुन्या पदनामावरून होतो. पद काय करते, चुकले तर नुकसान कोणाचे होते, शिकावयास किती काळ लागतो, हे लिहून काढलेले नसते. २०२५ साली न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखाली आठवा आयोग नेमला गेला. आपल्यापैकी जे कर्मचारी संघटनांत काम करतात, त्यांस माझे सांगणे असे की निवेदनात ‘आम्हांस अमक्यांच्या बरोबरीची श्रेणी द्या’ एवढेच लिहू नका. आपले लोक सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय करतात, ते लिहा. त्याखेरीज हे तण निघणार नाही.

जे नोकरीत आहेत त्यांस दुसरी विनंती. सेवापुस्तक दरवर्षी पाहून त्यावर सही करावयाची असते. ती न वाचता करू नका. दुय्यम प्रत घरी ठेवा आणि वेतननिश्चितीचे पान मुलाकडून वाचून घ्या. आस्थापना शाखेतील कारकून दुष्ट नसतो, पण तो माणूस असतो, आणि त्याच्या चुकीची किंमत तो स्वतः देत नाही.

शेवटची विनंती मंडळास. आपल्या वधूवर सूचीत ‘वर्ग’ असा जो रकाना आहे, तो येत्या वर्षापासून काढून टाकावा आणि त्या जागी ‘काम’ असा रकाना घालावा. मुलगा पाणीपुरवठ्याचे नळ सांभाळतो, मुलगी तालुक्याच्या दवाखान्यात परिचारिका आहे, असे त्यात लिहावे. सरकारने हलके म्हणणे सोडले. आपण तो शब्द आपल्या घरात कशासाठी जपून ठेवावा? पुढील संमेलनात ही सूची माझ्या हाती येईल, तेव्हा तो रकाना मी प्रथम पाहीन.