विजेची गाडी जिरायतदाराला परवडते का?

(बारामती-इंदापूर भागातील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या काही बैठकांत एकच प्रश्न फिरून फिरून येतो आहे. पोरगा म्हणतो, बॅटरीची गाडी घेऊ; बाप म्हणतो, ते खेळणे आहे. या भागात तर हा प्रश्न दारातच उभा आहे. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत कारखाना असलेल्या पियाजिओने २०१९ साली विजेवरची अॅपे रिक्षा बाजारात आणली. एसटीची विजेवरची 'शिवाई' १ जून २०२२ रोजी पुणे-नगर रस्त्यावर धावली. तेव्हा वस्तू खरी आहे, यात वाद नाही. वाद आहे तो आपल्या खिशाचा. कंपनीचा रंगीत कागद बाजूला ठेवू आणि आपला हिशेब करू.

दोन घरे डोळ्यांसमोर आणा. पहिल्या घरातला पोरगा सुप्याकडून रोज बारामतीला कामाला जातो. जाऊन-येऊन पंचाहत्तर किलोमीटर, महिन्याला पंचवीस दिवस. म्हणजे १,८७५ किलोमीटर. मोटारसायकल लिटरला पन्नास देते असे धरा, पेट्रोल १०५ रुपये धरा. महिन्याला ३,९०० रुपयांच्या आसपास जळतात. विजेची स्कूटर एका युनिटात साधारण तीस किलोमीटर जाते. गळती धरून सत्तर युनिटे. घरगुती बिल शंभर युनिटांच्या वर गेले की दर चढतो, म्हणून स्वस्त दर धरू नका, पंधरा रुपये धरा. झाले १,०५० रुपये. महिन्याला २,८५० वाचले. गाडी चाळीस हजारांनी महाग पडली तरी चौदा-पंधरा महिन्यांत फिटली.

दुसऱ्या घरातली गाडी घर ते रान, रान ते दूध डेअरी, दिवसाला दहा किलोमीटर फिरते. महिन्याला सहा लिटर पेट्रोल, ६३० रुपये. विजेवर १६५. वाचले ४६५. तेच चाळीस हजार फिटायला सात वर्षे! तोवर बॅटरी म्हातारी होईल. गंमत अशी की "आमचे फिरणे थोडे, आम्हाला विजेची बरी" असे म्हणणारेच जास्त भेटतात. हिशेब नेमका उलटा आहे. विजेची गाडी जितकी पळेल तितकी स्वस्त पडते. उभी राहिली की महाग पडते.

चारचाकीलाही हाच नियम. लग्न, दवाखाना आणि पुण्याच्या दोन फेऱ्या यांच्यासाठी अंगणात झाकून ठेवलेली मोटार विजेची करण्यात अर्थ नाही. वडाप करणाऱ्याची, बाजारात माळवे नेणाऱ्याची तीनचाकी मात्र रोज शंभर किलोमीटर पळते; त्याने जरूर चौकशी करावी. कापसाची ट्रॉली ओढायचा विषय आज सोडून द्या.

आता दुसरी गोष्ट, जी दुकानदार सांगत नाही. तुम्ही गावठाणात राहता की वस्तीवर? गावठाणात घरची वीज बहुतेक वेळ असते. रात्री गाडी लावा, सकाळी भरलेली. पण जिरायत भागातली निम्मी माणसे रानातल्या वस्तीवर राहतात आणि त्यांची वीज शेतीपंपाच्या फीडरवरून येते. तिथे तीन फेज आठ तास, तेही पाळीपाळीने, एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री. बाकीच्या वेळी सिंगल फेज येईल तर येईल, दाब इतका कमी की दिवा लाल दिसतो. अशा घरी गाडी घेतली तर पहाटे दवाखान्यात जायची वेळ यावी आणि गाडी रिकामी असावी, असे होणार. वस्तीला चोवीस तास सिंगल फेज हक्काने मिळाली पाहिजे, ही मागणी पंख्यासाठी आणि पिठाच्या गिरणीसाठी होतीच. आता ती गाडीसाठीही आहे.

आणि कृपा करून पंपाच्या मीटरवर गाडी लावू नका. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाचे बिल २०२४ पासून माफ झाले, म्हणून मोह होतो. पण शेतीच्या जोडणीवर दुसरा वापर हा २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ खाली येतो आणि आकारणी दुप्पट दराने होते. घरच्या जोडणीवर सोळा अँपिअरचा पॉइंट घ्या, अर्थिंग नीट करून घ्या. उन्हातून आलेली तापलेली गाडी लगेच चार्जिंगला लावू नका; तासभर सावलीत निवू द्या.

अनुदानावरही भिस्त नको. दुचाकीला केंद्राचे अनुदान बॅटरीच्या एका युनिटमागे पंधरा हजार होते, ते जून २०२३ मध्ये दहा हजार झाले, २०२४ मध्ये पाच हजार. दिल्लीवाल्यांचे अनुदान आणि मृगाचा पाऊस यांच्या भरवशावर आपण पुष्कळ भोगले आहे.

आमच्या बागायतदार भावांना विजेच्या गाडीत धोका दिसतो. ते साहजिक आहे. २०२५ मध्ये पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल झाले आणि उसाच्या, मक्याच्या भावाला आधार मिळाला. तोही किती पक्का? डिसेंबर २०२३ मध्ये एका फर्मानाने उसाच्या रसापासूनचे इथेनॉल बंद झाले होते. पण ज्वारी-कापूसवाल्याच्या वाट्याला यातले काय आले? पंपावरचे बिल. नीरा ओलांडली की फलटण. तिथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने ऐंशीच्या दशकापासून गोड ज्वारीच्या धाटांच्या रसापासून अल्कोहोल काढण्याचे काम केले, आणि त्याच संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी विजेवरची रिक्षाही बनवली. शिशाच्या जड बॅटऱ्यांचा काळ होता तो. आज बॅटरी हलकी झाली, रिक्षा रस्त्यावर आली. धाटांचे काम मात्र संस्थेच्या कुंपणाबाहेर फारसे आलेच नाही.

जिरायतदाराला या बदलात पैसा दिसतो तो वीज पिकवण्यात. सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळची जमीन भाड्याने घेतात. दर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी तीन टक्के वाढ. दुष्काळात ज्वारी हेक्टरी किती देते, ते आम्ही तुम्हाला सांगायला नको. पण करार एका पिढीचा असतो. सगळे रान देऊन बसाल तर कडबा कुठला आणि जनावरे कशावर? मुरमाड तुकडा द्या, काळीची पट्टी ठेवा, आणि सही करण्याआधी कागद बैठकीत वाचून घ्या.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने घरचे वीजबिल आणावे. वस्ती कोणत्या फीडरवर आहे, ते त्यावरून आणि वायरमनला विचारून लिहून घेऊ, आणि गावनिहाय यादी करून सिंगल फेजचा अर्ज एकत्र देऊ.