दिवसाची लाईन आणि गावाचा विश्वास



हरभऱ्याला रात्री पाणी देणं म्हणजे काय, हे अल्लीपूरच्या या सभेत मी सांगायला नको. हातात बॅटरी, मनात सापाची आणि रानडुकराची धास्ती. वावरात पोचावं तर एक फेज गेलेला, मोटर बंद. शेतीला काही दिवस दिवसाची लाईन आणि काही दिवस रात्रीची, ही पाळी आपण वर्षानुवर्षं सोसली. दिवसा वीज द्या, एवढंच शेतकरी मागत आला.

म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना मला मनापासून पटते. २०१७ साली ती आली, २०२३ मध्ये दुसरा टप्पा सुरू झाला. उपकेंद्राच्या आसपास सौर पॅनल बसवायचे आणि शेतीचा फीडर त्यांवर दिवसा चालवायचा. एका मेगावॅटला साधारण चार-पाच एकर जागा लागते. खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं, त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ.

इतकं चांगलं काम, तरी राज्यात कितीतरी गावांनी विरोध केला. का? जागा गायरानाची निवडली म्हणून. वावरवाल्याला दिवसाची लाईन मिळेल. पण जिला वावरच नाही, चार बकऱ्यांवर जिचं घर चालतं, तिची चराई कुंपणाआड जाते. तिने हरकत घेतली की आपण म्हणतो, विकासाला आडवी आली. हे बोलणं मला सहन होत नाही.

लोकांच्या शंकेला इतिहास आहे. १९९२ मध्ये दाभोळच्या प्रकल्पासाठी एन्रॉन कंपनीशी सामंजस्य करार झाला. वीज किती महाग पडेल, हे ज्यांच्या बिलात ती येणार होती त्यांना आधी कोणी सांगितलं? २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. आणि लांब कशाला, आपल्याच जिल्ह्यात मांडव्याला १३२० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प येणार होता. तो वर्षानुवर्षं अर्धवट राहिला. तो उभारणारी कंपनीच दिवाळखोरीत गेली. हे पाहिलेल्या माणसाने नव्या साहेबाला चार प्रश्न विचारले, तर तो शहाणपणा आहे.

उद्या आपल्या शिवारात पॅनल येणार असतील, तर गट नंबर, कोणता फीडर, कोणाच्या मोटरी, सगळं खुंट्या ठोकण्याआधी ग्रामसभेत वाचलं जावं. गायरान घ्यायचं असेल तर चराईची दुसरी जागा त्याच ठरावात असावी. योजनेत ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाखांप्रमाणे तीन वर्षं अनुदान आहे. त्यातला पहिला खर्च चाऱ्यावर आणि गुरांच्या पाण्यावर करा, असा माझा आग्रह आहे. पुढे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर रोज लिहा: लाईन किती वाजता आली, किती वाजता गेली. कमी पडली तर तक्रार कोणाकडे न्यायची, त्या अभियंत्याचं नाव आणि फोन नंबरही तिथेच लिहा.