पालीचे बाळंतपण

भिंतीवरची जुनी तसबीर उतरवावी आणि तिच्यामागे वाटाण्याएवढी दोन पांढरी अंडी दिसावीत, हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांना असेल. आपण नाक मुरडतो, केरसुणी हाती घेतो आणि विषय तेथेच संपतो. पाल अंगावर पडली तर शुभ की अशुभ याची कोष्टके आपल्या पंचांगांत सापडतात. पालीच्या बाळंतपणाची चिंता मात्र आपण कधी वाहिलेली नाही.

ती चिंता वाहणारा एक मनुष्य आमच्याच घरात निघाला. इंग्लंडात राहणाऱ्या माझ्या भाच्याने पाल पाळली, हे कळताच त्याच्या आईने कपाळाला हात लावला. ही पाल आपल्या भिंतीवरची नव्हे. अंगावर बिबट्यासारखे ठिपके, डोळ्यांना मिटणाऱ्या पापण्या आणि चरबी साठवलेले जाड शेपूट, असे तिचे रूप आहे. ती भिंतीवर चढत नाही. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारत येथील कोरडा, खडकाळ मुलूख हे तिचे माहेर. तिची एक बहीण आपल्या महाराष्ट्र-गुजरातेतही रानावनात नांदते.

थंडी सरली की हिचा विणीचा हंगाम सुरू होतो. मग काही महिने, साधारणतः तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, ती दोन-दोन अंडी घालते. आता गंमत पाहा. भिंतीवरच्या पालीच्या अंड्याचे कवच टणक असते, म्हणून ते तसबिरीमागच्या कोरड्या फटीतही टिकते. हिच्या अंड्याचे कवच मऊ, कातड्यासारखे. उघड्यावर राहिले की आतली ओल उडून ते सुरकुतते. म्हणून रानातली मादी ओलसर जमीन शोधते, उकरते आणि अंडी पुरते. काचेच्या पेटीत तिने ओलसर जमीन कोठून आणावी?

पहिल्या वर्षी भाच्याला हे ठाऊक नव्हते. मादीने खाणे सोडले. रात्रभर ती पेटीचे कोपरे उकरीत राहिली. त्याला तो खेळ वाटला. सकाळी कोरड्या कागदावर दोन सुकलेली अंडी पडली होती. प्राण्यांच्या डॉक्टरांनी सांगितले, “एवढ्यावर निभावले हे नशीब समजा. मनाजोगती जागा मिळाली नाही, तर मादी अंडी पोटातच धरून ठेवते आणि त्यातच कित्येकदा दगावते.” तो खेळ नव्हता, आर्जव होते, हे त्याला तेव्हा उमगले.

पुढच्या वर्षी त्याने झाकणाच्या डब्याला दार पाडले, आत नारळाच्या काथ्याचा ओलसर भुसा भरला. कवचासाठी लागणारा चुना मादीच्या हाडांतून झिजू नये म्हणून किड्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरून तिला खाऊ घातली. यंदा अंडी भुशात सुखरूप पुरलेली मिळाली.

कोंबडी आपली अंडी पुनःपुन्हा उलटते. येथे नियम नेमका उलटा. गर्भ कवचाच्या आतल्या बाजूस चिकटतो. पुढे अंडे उलटले तर तो मरू शकतो. म्हणून भाच्याने प्रत्येक अंड्याच्या माथ्यावर पेन्सिलीने खूण केली आणि तसेच अलगद उबेत ठेवले. त्या उबेवरच पिलाचे लिंग ठरते. सुमारे २६ अंशांवर जवळजवळ सर्व माद्या, ३२-३३ अंशांवर बहुतेक नर आणि त्याहून दोन अंश वर गेले की पुन्हा बहुधा माद्या! उष्णतेचा हा प्रभाव मादलेन शार्निये या विदुषींनी आफ्रिकेतील एका सरड्यात पाहून १९६६ साली प्रथम मांडला.

यथावकाश कवचाला चीर पडली आणि एक इवलेसे नाक बाहेर आले. बातमी सांगताना भाच्याचा आवाज घोगरा झाला होता. कपाळाला हात लावणाऱ्या त्याच्या आईने विचारले, “बाळंतीण बरी आहे ना?”

श्रोतेहो, मुक्या जिवाला चार भिंतींत ठेवणारा माणूस त्याची जमीन, त्याचा ऋतू, त्याची ओल हिरावून घेतो. ती सारी परत पुरवण्याची तयारी नसेल, तर त्याने पेटी रिकामीच ठेवावी. आणि आपण? पुढच्या खेपेस तसबिरीमागे दोन अंडी दिसली, तर केरसुणी क्षणभर बाजूला ठेवावी. एका आईने पुष्कळ शोधून ती जागा निवडलेली असते.