हेल्मेटवाला मावळा

दिवाळीत आपल्या आवारातल्या किल्ल्यावर माझा एक सैनिक असतो. सी विंगमधल्या एका चिमुरड्यानं विचारलं, "काका, रायगडावर हा हेल्मेटवाला कशाला?"

ते शिपाई नामदेव जाधव, मराठा लाइट इन्फन्ट्री. ९ एप्रिल १९४५ला इटलीत सेनिओ नदीवर दोन जखमी साथीदारांना त्यांनी पाण्यातून, सुरुंगांतून बाहेर काढलं. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

त्यांचं तयार मॉडेल मला कुठे मिळालं नाही. म्हणून प्लॅस्टिकचा पाच सेंटिमीटरचा ब्रिटिश सैनिक घेतला. ब्लेडनं मान कापून वळवली, फट एम-सीलनं भरली, खाकी दिली, कपड्यांच्या घड्यांत पातळ तपकिरी रंग सोडला. डोळ्यांना शून्य नंबरचा ब्रश, तोही श्वास रोखून. हिला वाटतं, मला डुलकी लागली.

हातात स्टेनगन ठेवली होती. मग पदकाचं गौरवपत्र वाचलं. हाताला जखम झाल्यानं त्यांना टॉमी गन चालवता येईना, तेव्हा ते हातबॉम्ब फेकत राहिले. शेवटी बांधावर चढून शिवाजी महाराजांचा जयजयकार केला, मागच्यांना बोलावलं. रंगवून वाळलेला हात कापताना जिवावर आलं, पण कापला. नवा उंचावलेला बसवला.

हे सगळं ऐकून पोरानं सैनिक उचलला आणि थेट महादरवाजात नेऊन ठेवला. त्यात एक बोट तुटलंय. पुढच्या दिवाळीआधी बसवून देतो.