बाईमाणूस आणि धर्माचा रकाना

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



संयोजकांनी मला विषय दिला आहे 'धर्म आणि माणूसपण'. एवढा मोठा विषय दिला की वक्ता घाबरून एक तर आभाळाएवढं बोलतो, नाहीतर गुळमुळीत बोलतो. 'सर्व धर्म माणुसकीच शिकवतात' हे गुळमुळीत वाक्य तर आपण प्रत्येक दंगलीनंतरच्या शांतता सभेत ऐकलेलं आहे. ते म्हणणारे सहसा पुरुष असतात, आणि मंचावर बाई असलीच तर ती हार घालायला असते. म्हणून मी त्या टोकाकडून सुरुवात करत नाही. आपल्या बोलण्यातल्या दोन शब्दांपासून करते.

पहिला शब्द 'माणूस'. व्याकरणात तो पुल्लिंगी. बाईला तो लावायचा झाला तर आपण म्हणतो, 'तुझी सासू फार चांगलं माणूस आहे हो'. म्हणजे बाईला माणूस म्हणायचं तर भाषेला लिंग बदलून नपुंसकात जावं लागतं. 'बाईमाणूस' हा शब्दही कधी निघतो बघा. 'बाईमाणसानं एवढ्या रात्रीचं कशाला जावं?' 'बाईमाणूस आहे, तिला काय कळतंय त्यातलं.' तिथं 'माणूस' आहे, पण 'बाई' त्याच्या आधी दारात उभी आहे, आत सोडत नाही.

दुसरा शब्द 'धर्म'. आपल्याकडे शेजारधर्म आहे, दानधर्म आहे, राजधर्म आहे. पुरुष यातला हवा तो, हवा तेव्हा पाळतो. बाईला एकच, स्त्रीधर्म. त्यात उठण्यापासून निजेपर्यंतचं सगळं येतं, मेल्यावर सवाष्ण म्हणून ओटी भरायची की नाही इथपर्यंत. तेव्हा बाई जेव्हा म्हणते की मला धर्माबद्दल काही विचारायचं आहे, तेव्हा ती फक्त देवाबद्दल बोलत नसते. सगळ्या जगण्याबद्दलच बोलत असते.

हा प्रश्न आपल्या मातीत ज्या बाईनं सगळ्यात जास्त किंमत देऊन विचारला ती म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांचं नाव आपण घेतो, पण बरेचदा घाईत घेतो. सावित्रीबाई, ताराबाई, रमाबाई अशी माळ ओवून पुढे जातो. मी जरा थांबणार आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं आणि त्यापायी धर्ममार्तंडांना उत्तरं द्यावी लागली. आईनं रमाबाईंना शिकवलं. हे कुटुंब देवळादेवळांत पुराणं वाचत देशभर हिंडलं. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील, बहीण, तिघंही गेले. उरलेले बहीणभाऊ चालत चालत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचले. वीस वर्षांच्या या मुलीचं संस्कृत ऐकून तिथल्या विद्वानांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं.

इथून पुढची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना सांगितलं, पडद्यातल्या बायकांपुढे शास्त्राप्रमाणे स्त्रियांच्या कर्तव्यांवर व्याख्यानं द्या. पुराणं त्यांना पाठ होती, पण धर्मशास्त्रं वाचलेली नव्हती. म्हणून ती वाचायला घेतली. आणि वाचताना त्यांच्या लक्षात आलं की हे ग्रंथ एकमेकांशी जवळपास कुठल्याच बाबतीत जुळत नाहीत. जुळतात ते बायका आणि शूद्र यांना कमी लेखण्याच्या बाबतीत. पुढे आत्मकथनात त्यांनी हे स्वच्छ लिहून ठेवलं आहे. म्हणजे बाहेरच्या कुणी येऊन त्यांची श्रद्धा मोडली नाही. बायकांना त्यांचा धर्म शिकवा असं ज्यांनी सांगितलं, त्यांनीच ती मोडायची सोय करून दिली! वाचता येणाऱ्या बाईच्या हातात पुस्तक द्यायचं तर आधी विचार करावा, हे त्या पंडितांना सुचलं नाही.

१८८० साली त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. जात वेगळी, भाषा वेगळी, आणि जातीच्या उतरंडीत तो खालचा. लग्न नोंदणी पद्धतीनं झालं, १८७२च्या कायद्याखाली. तो कायदा कसा होता ऐका. त्यात वर आणि वधू दोघांनाही लिहून द्यावं लागे की आम्ही हिंदू नाही, ख्रिस्ती नाही, मुसलमान नाही, पारशी नाही, ज्यू नाही, शीख, जैन, बौद्धही नाही. दोन माणसांना एकमेकांशी लग्न करायचं असेल तर आधी आपण काय काय नाही याची यादी द्यायची. रमाबाई आणि बिपिनबाबूंना त्यात अडचण वाटली नाही, कारण त्यांचा तेव्हा खरोखरच कशावर विश्वास उरला नव्हता. पण ज्यांचा होता आणि तरी जात मोडून लग्न करायचं होतं, त्यांनी काय करायचं? हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांना धर्म न नाकारता या कायद्याखाली आपसात लग्न करता येऊ लागलं ते १९२३च्या दुरुस्तीनंतर. सगळ्यांनाच तशी सोय झाली १९५४च्या विशेष विवाह कायद्यात.

दोन वर्षांच्या आत नवरा गेला. पदरी तान्ही मनोरमा. रमाबाई पुण्याला आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला, 'स्त्रीधर्मनीति' लिहिलं, आणि १८८३ साली इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायचं होतं, कानानं कमी ऐकू येत असल्यानं ते राहिलं. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इकडे पुण्यात गहजब झाला. विधवा, ब्राह्मण, पंडिता, आणि ख्रिस्ती! बाजूनं उभे राहिले ते जोतिबा फुले. त्यांनी १८८५ साली 'सत्सार' काढून त्यांची बाजू घेतली.

तिकडे इंग्लंडात तरी बाईला माणूस म्हणून वागवलं का? ज्या बिशपांच्या हातात अधिकार होता त्यांना रमाबाईंनी पुरुषांना शिकवावं हे पसंत पडलं नाही. हिंदुस्थानात परत गेल्यावर तुमचा प्रभाव राहणार नाही, असं कारण दिलं. कलकत्त्यात पंडितांच्या सभेत बोललेल्या बाईला हे सांगितलं! शिवाय त्रैक्याचा सिद्धांत मान्य करा, शंका काढू नका, मुलीला काय शिकवायचं ते आम्ही ठरवू. रमाबाईंनी पत्रांतून कडाडून उत्तरं दिली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की, आमच्याकडच्या पुरोहितांच्या हातातून मी महत्प्रयासानं सुटले आहे, ती दुसऱ्या पुरोहितांच्या हाती मान देण्यासाठी नाही. पत्रव्यवहार छापलेला आहे, जमेल तिनं मिळवून वाचावा. धर्म सोडताना आणि धर्म घेताना, दोन्ही वेळा त्या एकच गोष्ट मागत होत्या. मला स्वतःला विचार करू द्या. दोन्हीकडे तीच नाकारली गेली.

त्यांचं सगळंच मला पटतं असं नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १८९६-९७च्या दुष्काळानंतर शेकडो भुकेल्या बायका-मुली आल्या. त्यांचे जीव वाचले, हातांना काम मिळालं, अक्षरं मिळाली. पण ज्या अन्नावर जगायचं त्याच घरात प्रार्थना असेल, तर त्या मुलींना निवडीला कितीसा वाव राहिला असेल? स्वतःसाठी जी मोकळीक रमाबाईंनी बिशपांकडे मागितली, ती त्यांच्या छपराखाली कितपत होती, हा प्रश्न विचारला पाहिजे. मात्र तो विचारण्याचा हक्क त्यांना नाही, ज्यांनी त्या मुलींना रस्त्यावर मरायला सोडलं होतं. १८९३मध्ये शारदा सदनातल्या मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला जाऊन बसतात म्हणून 'केसरी'नं रान उठवलं, रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. कुठे नेल्या? त्याच घरी, त्याच कोपऱ्यात. मुलींना कुणी विचारलं होतं?

आणि त्याच सदनाची पहिली विद्यार्थिनी गोदूबाई. बालविधवा. ती ख्रिस्ती झाली नाही. १८९३मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी तिचं लग्न झालं, तीच आनंदीबाई कर्वे. धर्म सोडला नाही, तरी गावानं बहिष्कार घातलाच. धर्म बदललेल्या बाईला शिक्षा, आणि धर्मात राहून आपल्या मनासारखं जगू पाहणाऱ्या बाईलाही शिक्षा. तेव्हा भांडण नेमकं कशाशी होतं ते ओळखा.

आता आपल्याकडे येते. आपल्या चळवळीतही एक सोपं उत्तर फिरत असतं, की देवच सोडा म्हणजे सुटाल. मी स्वतः कुठलाही देव मानत नाही. पण हे उत्तर बाईला देताना मला संकोच वाटतो. कारण घरोघरचे नास्तिक मी पाहिले आहेत. साहेब सभेत देव नाही म्हणून टाळ्या घेतात आणि घरी पितृपक्षात पुरणावरणाचा स्वयंपाक बायको करते, 'आईसाठी करावं लागतं' म्हणून. पुरुषाची नास्तिकता अशी पुष्कळदा बायकोच्या श्रमावर उभी असते. त्याला सोडायचं असतं एक मत. तिला सोडायचं झालं तर माहेर, सासर, आळी, भिशी, सगळंच सोडावं लागतं.

केंद्रावर एक बाई यायच्या. नवऱ्यानं टाकलेल्या, भावाकडे राहणाऱ्या. दर मंगळवारी देवीला जायच्या. आमच्यातली एक तरुण कार्यकर्ती त्यांना म्हणाली, 'मावशी, देवीनं तुमचं काय भलं केलं?' त्या शांतपणे म्हणाल्या, 'पोरी, मंगळवारी मी कुठं चालले ते भावजय विचारत नाही.' देवीला जायचं म्हणून त्या बाहेर पडत, आणि जाता जाता आमच्या केंद्रावर. पोटगीचा दावा त्या मंगळवारांवर चालला! भजनी मंडळ, वारी, हरताळकेचं जागरण, मोहरमची मजलिस, चर्चमधली बायकांची प्रार्थना, यांत बाईला बसायला चार हात जागा मिळते. ती काढून घ्यायची तर बदल्यात आपण काय देणार, हे आधी सांगता आलं पाहिजे.

याचा अर्थ धर्माला हात लावू नये असा नव्हे. हमीद दलवाईंच्या पुढाकारानं १८ एप्रिल १९६६ला सात मुस्लिम बायकांनी मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला. तोंडी तलाक, बहुपत्नीत्व यांच्याविरुद्ध. फक्त सात! तोंडी तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयानं रद्दबातल ठरवला तो २०१७ साली. मधली एकावन्न वर्षं कुणाच्या आयुष्यातली गेली? शाहबानोला न्यायालयानं १९८५मध्ये पोटगी दिली आणि १९८६मध्ये संसदेनं कायदा करून धर्मगुरूंची समजूत काढली. आणि त्याच बायकांचे अश्रू दाखवून दुसऱ्या धर्माचे लोक मतं मागत राहिले, हेही आपण पाहिलं. बाईच्या बाजूनं बोलतो म्हणणारा तिच्या वस्तीवर दगड टाकणाऱ्यांबरोबर उभा असेल, तर त्याचा कळवळा घेऊन करायचं काय?

आज कायद्यात 'धर्म नाही' म्हणायला जागा आहे का? मुंबई उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१४मध्ये सांगितलं की नागरिकाला धर्म नाही असं म्हणायचा हक्क आहे, सरकारी अर्जात धर्म लिहायची सक्ती करता येणार नाही. २०११च्या जनगणनेत सुमारे २९ लाख लोकांच्या नावापुढे धर्म नोंदलेला नाही. यातल्या किती बायकांनी ते स्वतः सांगितलं असेल? प्रगणक दारात येतो तेव्हा उत्तर कोण देतं ते आपल्याला ठाऊक आहे.

आणि रकाना मोकळा ठेवला तरी धर्म मालमत्तेच्या दारानं परत येतो. केरळमधल्या, मुस्लिम घरात जन्मलेल्या आणि श्रद्धा नसलेल्या एका बाईनं सर्वोच्च न्यायालयात विचारलं आहे की, मी धर्म मानत नाही, तर वारसाहक्कात मुलीला मुलाच्या निम्मा वाटा देणारा नियम मला का? २०२४मध्ये न्यायालयानं सरकारांना नोटीस काढली. रमाबाईंना लग्नासाठी 'मी अमुक नाही' असं लिहून द्यावं लागलं, आणि आज ही बाई 'मी अमुक नाही' असं लिहून द्यायला तयार आहे तर ते घ्यायला खिडकी नाही.

१९५४च्या कायद्याचंही तसंच. धर्म सोडावा लागत नाही, पण तीस दिवसांची नोटीस लागते, ती फलकावर लावतात. ती कोण वाचतं? मुलीचा काका, मामा, आणि आता तर फोटो काढून पसरवणारी टोळकी. डिसेंबर २०२२मध्ये महाराष्ट्र सरकारनं आंतरधर्मीय लग्नांसाठी समन्वय समिती नेमली. आधी नावात आंतरजातीय लग्नंही होती, दोन दिवसांत तो शब्द गळला. बायकांना मदत करायची म्हणे. सज्ञान बाईनं मदत मागितली होती का, एवढंच विचारावंसं वाटतं.

जोतिबांनी 'सार्वजनिक सत्यधर्म' पुस्तकात एका घराची कल्पना मांडली आहे. त्यांच्या निधनानंतर १८९१मध्ये ते छापलं गेलं. त्या घरात आई बौद्ध होईल, बाप ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी. प्रत्येकानं ग्रंथ वाचून, पटलं म्हणून. आणि सगळ्यांनी एकाच घरात एकमेकांचा द्वेष न करता राहायचं. मला त्यातली मुलगी फार आवडते. तिनं काय व्हायचं ते बापानं ठरवलेलं नाही, पुढे नवराही ठरवणार नाही. तिला वाचता येतं, एवढी एकच अट. मी त्या घरात एक माणूस आणखी घालीन, काहीच न मानणारी मावशी. तिला स्वयंपाकाला जुंपू नका म्हणजे झालं.

आता वेळ झाला आहे. जेवणानंतरच्या सत्रात नोंदणी विवाहाचे अर्ज आपण प्रत्यक्ष भरून पाहणार आहोत. नोटीस फलकावर लागल्यापासून तीस दिवस त्या मुलीला ठेवायचं कुठे, याची तालुकावार यादी करायची आहे. ज्यांच्या घरात एक खोली मोकळी होऊ शकते त्यांनी नावं माझ्याकडे द्या. पाच जिल्ह्यांतून आजपर्यंत फक्त नऊ नावं आली आहेत.